प्रस्तावना : रेंज आहे, नेट नाही

मागच्या एका पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नेटचा डबा बघायला गेलो होतो. डबा म्हणजे सिम घातलेला राउटर. बाहेर पाऊस नुसता झोडपत होता. आत एक बाई आठ महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि सिस्टर मोबाइल आडवा धरून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. डॉक्टर म्हणाले, "झबलं वर करा, छाती दिसू द्या, मी श्वास मोजतो." दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त झाले की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, हे आशाताईंनाही पाठ असतं. सिस्टरांनी झबलं वर केलं. पडद्यावर बाळाची छाती एकदा फुगली आणि तशीच थांबली. सात-आठ सेकंदांनी चित्र सुटलं ते मधले श्वास गिळून पुढे पळालं. "पुन्हा दाखवा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाजही तुटायला लागला.

शेवटी सिस्टरांनी कॉल बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत स्वतः श्वास मोजले आणि साधा फोन लावून आकडा सांगितला : बावन्न. बाळाला जव्हारला न्यायचं ठरलं. गाडी गेल्यावर मी त्याच वायफायवर स्पीड टेस्ट लावली. चार एमबीपीएस. असल्या कॉलला एक एमबीपीएस पुष्कळ होतो. डब्यावर रेंजचे दिवे लागलेले, शेजारी फोरजीचा दिवा हिरवा. म्हणजे कागदोपत्री त्या खोलीत काहीच कमी नव्हतं.

दोष सापडायला अर्धा तास लागला. शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला दुसरा मोबाइल दिवसभरातल्या लसीकरणाचे फोटो त्याच डब्यातून वर चढवत होता. कॉल तुटत होता तेव्हा फोटो जात होते. मी स्पीड मोजला तेव्हा ते जाऊन संपले होते. स्पीड टेस्ट खोटी नव्हती, फक्त ती उशिरा आली होती.

ही पुस्तिका मी त्या संध्याकाळी लिहायला घेतली. जव्हार-मोखाड्यात नेटवर काम करणं ज्यांना भाग पडलं आहे, त्या सेविका, आशा, सिस्टर, शिक्षक, रोजगारसेवक आणि रेशन दुकानदार यांच्यासाठी ती आहे. इंजिनिअरांनीही वाचावी, पण त्यांना काही ठिकाणी मी फार सोपं करून सांगितलं असं वाटेल. वाटू दे.

"रेंज आहे, नेट नाही." हे वाक्य तुम्ही रोज ऐकता. शहरातल्या कॉल सेंटरला ते सांगितलं तर पलीकडचा मुलगा गोंधळतो, मग मोबाइल बंद करून चालू करायला सांगतो. मला मात्र हे वाक्य अगदी नेमकं वाटतं. रेंज म्हणजे मोबाइल आणि टॉवर यांच्यातलं हवेतलं अंतर कापलं गेलं, एवढंच. तिथून पुढे टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर, तिथून तारेवर, तारेवरून मुंबई किंवा त्याही पलीकडे जाण्याचा सगळा रस्ता म्हणजे नेट. मोबाइलच्या कोपऱ्यातल्या काड्या पहिल्या टप्प्याबद्दलच बोलतात, आणि तेही एकाच बाजूने. टॉवरची ताकद दहाएक वॅट किंवा त्याहून जास्त असते. मोबाइलची फार तर २०० मिलिवॅट. टॉवर ओरडतो आणि मोबाइल कुजबुजतो. त्यामुळे टॉवरचं आपल्याला नीट ऐकू येतं, काड्या दिसतात, पण आपली कुजबुज टेकडीपलीकडे पोचेलच असं नाही. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण सिनेमा खाली उतरतो. बाळाची छाती डॉक्टरला दाखवायची तर चित्र वर चढवावं लागतं.

या पुस्तिकेत मी नेटचे दोन प्रकार केले आहेत : साठवणीचं नेट आणि बोलतं नेट. फोटो, फॉर्म, सिनेमा, हजेरीचं मस्टर हे साठवणीचं. पाच मिनिटं उशिरा गेलं तरी पोचल्यावर ते पूर्णच असतं. वाटेत तुकडा हरवला तर पुन्हा मागवता येतो. व्हिडिओ कॉल, आवाजाचा कॉल, शिकवणी, डॉक्टरचा सल्ला हे बोलतं नेट. इथे हरवलेला शब्द पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. उशिरा आलेला तुकडा ॲप सरळ टाकून देतं. म्हणून बोलत्या नेटला रुंद रस्त्यापेक्षा वक्तशीर गाडी जास्त लागते.

तारपा नाच ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. तारपकरी मध्ये असतो आणि हाताला हात गुंफलेली माळ त्याच्याभोवती फिरते. त्याने सूर बदलला की पाय बदलतात. आता असं समजा की सूर माळेतल्या प्रत्येकाच्या कानावर थोडा उशिरा पडतो आहे, पण सगळ्यांना सारखाच उशिरा. नाच मोडणार नाही. सगळा नाचच जरा मागून चालेल. पण तोच सूर एकदा लगेच, एकदा उशिरा, एकदा अर्धाच ऐकू आला तर माळ तुटलीच. पहिल्याला तांत्रिक भाषेत लेटन्सी म्हणतात, दुसऱ्याला जिटर आणि अर्ध्या सुराला पॅकेट लॉस. मी पुढे त्यांना विलंब, हेलकावा आणि गळती म्हटलं आहे. तिघांत हेलकावा सर्वांत त्रासाचा, कारण तो सांभाळायला ॲपला आलेले तुकडे थोडा वेळ धरून ठेवावे लागतात आणि त्यातून विलंब आणखी वाढतो. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही एकदम गप्प बसतात, तो प्रकार यातूनच होतो.

विलंब किती चालतो याचा आकडा ठरलेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांत पोचला तर संभाषण सहज चालतं. ४०० च्या वर गेला तर ती लाइन बोलण्याच्या कामाची नाही. आता हिशेब करू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. जव्हार ते मुंबई दीडशेएक किलोमीटर. अंतरापायी लागणारा वेळ एक मिलिसेकंदसुद्धा नाही. रेशन दुकानात मशीनवर ठेवलेला अंगठा आधारच्या केंद्रात तपासला जातो, आणि ती केंद्रं बंगळूरुत आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. मानेसरपर्यंतही सात-आठ मिलिसेकंद. "आपण लांब राहतो म्हणून नेट उशिरा येतं" हे मी या भागात शंभरदा ऐकलं असेल. ते खरं नाही. मोखाडा मुंबईपासून लांब आहे ते एसटीसाठी. प्रकाशासाठी दोन्ही एकाच अंगणात आहेत.

आवाजाला जागाही फारशी लागत नाही. आज बहुतेक ॲप आवाजासाठी वापरतात ती ओपस नावाची पद्धत २०१२ साली प्रमाण झाली. ती सेकंदाला सहा किलोबिटपासून काम करते, आणि हरवलेल्या तुकड्याची अंधुक प्रत पुढच्या तुकड्यात ठेवण्याची सोयही तिच्यात आहे. मग कॉलवर जाणवणारा दीड-दोन सेकंदांचा उशीर होतो कुठे? बहुतेक वेळा रांगेत.

रांगेचं गणित जुनं आहे. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी ते १९०९ साली मांडलं. नेटमधल्या रांगेचा रोग मात्र अलीकडचा. मेमरी स्वस्त झाली तसे राउटर आणि मोडेम बनवणाऱ्यांनी त्यांत मोठाले साठे ठेवायला सुरुवात केली, हेतू हा की एकही तुकडा गळू नये. पण साठा मोठा असला की रांग लांब होते आणि रांगेतला प्रत्येक जण उशिरा पोचतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरातल्या लाइनवर हा दोष पकडला आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. फुगलेली रांग म्हणा.

रेशन दुकानाची रांग डोळ्यांपुढे आणा. एक माणूस पाड्यातल्या दहा घरांची कार्डं गोळा करून आला आहे. त्याच्या मागे एक म्हातारी आहे, तिला फक्त एक सही करायची आहे. रांग सरळ चालवली तर म्हातारी दुपारपर्यंत उभी. तो दुसरा मोबाइल म्हणजे दहा कार्डवाला आणि बाळाचा व्हिडिओ म्हणजे म्हातारी. यावर उपाय कुठल्याही शहाण्या दुकानदाराला सुचेल : प्रत्येकाचं एकेक काम घ्या आणि पुन्हा पहिल्याकडे या. दहा कार्डवाल्याला शेवटी जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हातारी मात्र दोन मिनिटांत घरी जाते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली यात आणखी एक नियम घातला, त्याला कॉडल म्हणतात. रांगेत किती जण आहेत ते मोजू नका, एकेक जण किती वेळ उभा आहे ते मोजा. तो वेळ सलग १०० मिलिसेकंदभर ५ च्या खाली आला नाही तर तुकडे गाळायला लागा, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडतो. हे दोन्ही नियम एकत्र करून झालेली एफक्यू-कॉडल ही पद्धत २०१८ साली इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली. ती फुकट आहे. साध्या राउटरवरही चालते. परवानगी कुणाची लागत नाही, कारण डबा तुमचा आहे.

एक अडचण मात्र आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही युक्ती चालायची तर रांग आपल्या डब्यात लागायला हवी, टॉवरवर नव्हे. त्यासाठी डब्याचा वेग लाइनच्या वेगापेक्षा जरा कमी धरावा लागतो. शहरात तारेवरच्या लाइनला हा आकडा एकदा बसवला की झालं. इकडे सिमवरच्या लाइनचा वेग पावसाबरोबर, वेळेबरोबर, बाजाराच्या गर्दीबरोबर बदलतो. म्हणून पाचव्या प्रकरणात सकाळी, दुपारी आणि पावसात असे तीन आकडे काढायला सांगितलं आहे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

त्या दिवशी साधा फोन का लागला, हाही प्रश्न अनेकांनी विचारला. फोरजीच्या नियमावलीत कंपनीच्या स्वतःच्या फोन कॉलला राखीव रांग दिलेली आहे. तिथे विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद. ॲपवरचा कॉल मात्र रील, गाणी, अपडेट यांच्यासोबत सर्वसाधारण रांगेत. तिथली मर्यादा ३०० आणि वेगाची हमी नाही. डॉक्टरच्या कॉललाही राखीव रांग द्यावी का, यावर देशात वाद झाला आहे. २०१८ साली नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे नेटवरच्या सगळ्या वाहतुकीला सारखं वागवण्याची, तत्त्वं मंजूर झाली तेव्हा काही विशेष सेवांना त्यातून वगळण्याची वाट ठेवली गेली. वाट आहे, पण उपकेंद्राच्या डब्यापर्यंत ती आलेली मी पाहिलेली नाही.

आता इथल्या भूमीबद्दल. जव्हारचं पठार वर आणि भोवती दऱ्या. मोखाड्याकडे तर पाडे डोंगराच्या घड्यांत असे दडलेले की दोन पाडे हाकेच्या अंतरावर असूनही एकाला टॉवर दिसतो आणि दुसऱ्याला नाही. ज्याने त्याने आपापला रेंजचा दगड शोधून ठेवलेला असतो. दिवाळीनंतर माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मागे राहिलेली म्हातारी त्या दगडावर बसून नातवंडाशी बोलते. हा दगड नकाशावर नसतो, पण माझ्या मते तो तालुक्यातला सर्वांत खात्रीचा मोजणीबिंदू आहे.

टॉवर उभा राहिला म्हणून काम संपत नाही. डोंगरातल्या पुष्कळ टॉवरपर्यंत तार जात नाही; ते एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे मायक्रोवेव्हच्या ताटलीने बोलतात. दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना पावसाचे थेंब अडवतात. कोसळत्या पावसात लिंक स्वतःला वाचवायला वेग कमी करते, मागे रांग फुगते, आणि खाली मोबाइलवर काड्या होत्या तशाच राहतात. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी थकलेली असली तर तासाभरात तोही जातो. आणि जिथे तार आहे तिथे जेसीबी आहे. रस्ता रुंद करताना तार तुटू नये म्हणून खोदण्याआधी तारवाल्याला कळवण्याचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप केंद्राने मार्च २०२३ मध्ये आणलं. घाटात खोदणाऱ्या ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये ते आहे का, हे एकदा विचारून बघा.

मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. तिथलं पाणी मुंबईला बिनतक्रार पोचतं. उलट दिशेने मुंबईतल्या डॉक्टरचा आवाज यायचा तर तो तुटत येतो. एवढं बोलून हा विषय सोडतो, कारण त्यावर भाषणं पुष्कळ झाली आहेत.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. किंबहुना बोलत्या नेटची गोष्ट आपल्या पालघर जिल्ह्यात बरीच लवकर सुरू झाली. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होण्याआधीच, आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघरजवळच्या खामलोलीत आणि भोवतालच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर नेट चालवून पाहायला घेतलं होतं. तेव्हा आपल्याकडे ॲण्टेनावर दिसणारा टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन होतं. त्यामुळे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा देशभर मोकळ्या पडलेल्या होत्या, असं याच गटाने मोजून दाखवलं. या लहरी झाडांतून पार होतात आणि टेकडीच्या कडेवरून काही प्रमाणात वळतातही. जव्हारसारख्या भागाला याहून योग्य काय असणार? पण तो पट्टा सर्वांच्या वापरासाठी खुला झाला नाही. मग त्यांनी परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झवर लिंक टाकून जिल्ह्यातली पंचवीस गावं जोडली. 'ग्राममार्ग' या नावाच्या या कामाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट रेडिओची नाही. पंचायतीला भागीदार केलं आणि गावातल्या एखाद्या मुलाला डबा सांभाळायला शिकवलं, ती आहे. बंद पडलेला डबा दुरुस्त करायला ठाण्याहून माणूस यायचा असेल तर सेवेचा दर्जा वगैरे बोलूच नये.

भारतनेटची कहाणी त्याच्या उलट. ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ साली तिला आजचं नाव मिळालं. तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. पण इथली ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नव्हे. चार-सहा पाडे, मध्ये ओढे. कचेरीच्या कपाटातल्या पेटीपासून शेवटच्या पाड्यापर्यंतचा टप्पा कुणाचा, याचं उत्तर योजनेत धूसर राहिलं. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या नेट नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोरजी योजना मंजूर करून काम बीएसएनएलकडे दिलं. टॉवर येत आहेत, चांगलं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या टॉवरच्या मागे तार किती आणि ताटली किती, हेही ग्रामसभेने विचारावं.

आणि एक प्रयत्न बिननेटचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेलं तेव्हा जव्हार-मोखाड्यातल्या पोरांचं शिक्षण एका दिवसात थांबलं. दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी त्या वर्षी ध्वनिमुद्रित धडे आणि स्पीकर घेऊन दांडवळसारख्या गावांत 'बोलकी शाळा' भरवली. मोकळ्यावर अंतर राखून बसलेली मुलं आणि मध्ये स्पीकर. अत्यंत शहाणपणाचा उपाय होता तो. नेटवर अवलंबून असलेल्या कित्येक योजनांपेक्षा तो जास्त पोरांपर्यंत पोचला असेल. फक्त त्या स्पीकरला प्रश्न विचारता येत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या ताई-दादांना विचारावा लागे. बोलक्या शाळेला बोलतं नेट मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अधूनमधून करतो.

मोजमापाबद्दल एक तक्रार नोंदवतो. दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २ ऑगस्ट २०२४ ला सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले आणि ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत विलंब आणि गळती यांची मोजणी आली. कंपन्यांनी सेवा कुठे पोचते त्याचे नकाशे आपल्या संकेतस्थळांवर टाकायचे, हेही आलं. मी याचं मनापासून स्वागत केलं. पण दर्जाचे आकडे निघतात ते सेवाक्षेत्रागणिक, आणि आपलं सेवाक्षेत्र म्हणजे मुंबई वगळून उरलेला सगळा महाराष्ट्र, अधिक गोवा. पुणे, नागपूर, पणजी आणि मोखाड्यातला एक पाडा यांची सरासरी काढली की मोखाडा दिसेनासा होतो. आकडा खरा असतो, नियम पाळलेला असतो, आणि सिस्टरांना श्वास मोजायला घड्याळ लागतं. कुपोषणाच्या बाबतीत हा भाग हे एकदा भोगून चुकला आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ मध्ये वर्तमानपत्रांत आले, तेव्हाही जिल्ह्याची सरासरी त्या दोन गावांबद्दल काही सांगत नव्हती.

सहावं प्रकरण काहींना आवडणार नाही. त्यात मी असं म्हटलं आहे की बोलत्या नेटचा दर्जा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जिथे ते लागत नाही तिथे ते मागू नये. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर घेणं सक्तीचं झालं. अंगणवाडीची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर. रेशनला अंगठा. यातलं फारच थोडं असं आहे की जे त्याच क्षणी दूरच्या केंद्रात पोचलं नाही तर कुणाचं नुकसान होईल. फोटो मोबाइलमध्ये घ्या, वेळेचा शिक्का तिथेच मारा आणि रात्री रांग मोकळी झाल्यावर वर चढवा. सगळी कार्यालयं एकाच वेळी "आत्ताच्या आत्ता" म्हणायला लागली की त्या गर्दीत ज्याला खरोखर आत्ता हवं आहे तो डॉक्टरचा कॉल मागे पडतो. त्या उपकेंद्रात नेमकं हेच झालं होतं : फोटो रात्री गेले असते तर चाललं असतं. ॲप बनवणारी मंडळी हे वाचणार असतील तर त्यांनी आपलं ॲप एकदा पावसाळ्यात इथे येऊन चालवावं. राहायची सोय जव्हारला होते.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. उपग्रहावरच्या नेटचं प्रकरण मी लिहून काढून टाकलं. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात; तिथे जाऊन यायलाच पाव सेकंद जातो आणि प्रश्नोत्तराला अर्धा. जवळून फिरणारे नवे उपग्रह याबाबतीत फार चांगले आहेत, पण त्यांचं इथलं गणित अजून बसायचं आहे. फाइव्हजीवरही दोनच पानं आहेत. कुठल्या कंपनीचं सिम घ्यावं हे कुठेही लिहिलेलं नाही. ते पाड्यापाड्याला बदलतं आणि तुमच्या रेंजच्या दगडाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तिसऱ्या प्रकरणातल्या पिंगच्या चाचणीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. मोबाइलवर पिंगचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि शंभर तुकडे पाठवा. पन्नास, बावन्न, एकोणपन्नास असे आकडे येत असतील तर काडी एकच असली तरी कॉल होईल. पन्नास, नऊशे, साठ, मग दोन तुकडे गायब, असं दिसलं तर काड्या पाच असल्या तरी होणार नाही. नऊशे दिसलं की आधी शेजारच्या खोलीत बघा.

शेवटची बारा पानं कोरी आणि आखलेली आहेत. तारीख, वेळ, पाडा, पाऊस होता का, वीज होती का, काय करत होता, काय तुटलं, पिंगचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा. तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं सांगू नका. हे आकडे सांगा, तक्रारीचा नंबर त्याच ओळीत लिहून घ्या, आणि उत्तर आलं नाही तर तोच नंबर घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. पानं भरली की ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावाला जोडा. एक प्रत मलाही पाठवा. पुढच्या आवृत्तीत पाड्यांची यादी तुमच्या पानांवरून करायची आहे.